पेटीतला सुरवंट आणि बर्कलीचा ठराव

1 ऑगस्ट 2002 या तारखेचं 18 पानांचं एक टिपण अमेरिकेच्या न्याय खात्याच्या दप्तरात आहे. त्यातला एक परिच्छेद चक्क सुरवंटाबद्दल आहे. सीआयएच्या ताब्यात अबू झुबेदा नावाचा कैदी होता आणि तो किड्यांना घाबरतो हे त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी न्याय खात्याला विचारलं, याला अरुंद पेटीत कोंडून ‘आत डंख मारणारा किडा सोडतोय’ असं सांगितलं आणि प्रत्यक्षात सुरवंटासारखा निरुपद्रवी जीव सोडला, तर चालेल का? वकिलांनी विचारपूर्वक उत्तर दिलं. चालेल. मात्र किड्याबद्दल कैद्याला सांगणारच असाल तर त्याच्या डंखाने मरण किंवा तीव्र वेदना ओढवणार नाही हेही सांगा. न सांगता सोडणार असाल तर आत तसा डंख मारणारा किडा आहे असा त्याचा समज तुम्ही होऊन करून देऊ नका.

आपल्याकडच्या सुरवंटाला कोणी निरुपद्रवी म्हणणार नाही, नुसता घासून गेला तरी अंगावर गांधी उठतात. पण ते सोडा. किड्याचा हा बेत पुढे अमलात आलाच नाही. तरी तो परिच्छेद डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण त्याची भाषा. भाडेकरारात ‘पाण्याचे बिल कोणी भरावे’ हे ज्या थंडपणे लिहिलेलं असतं, त्याच थंडपणे इथे एका माणसाला पेटीत कसं घाबरवावं याच्या अटी लिहिल्या आहेत. लिहिणारे उत्तम शिकलेले, मोठ्या विद्यापीठांतून आलेले लोक होते. त्यांनी कोणाला बोटही लावलं नाही.

या लोकांना जबाबदार कसं धरायचं, या प्रश्नाने कॅलिफोर्नियातल्या बर्कली नावाच्या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावाला कित्येक वर्षं छळलं. त्या गावात काय घडलं ते समजण्याआधी हा कागद काय होता ते पाहायला हवं.

‘सरकारी वकील’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टात उभा राहून आरोपीला शिक्षा मागणारा माणूस येतो. इथे तो अभिप्रेत नाही. मंत्रालयात एखादी फाइल अडली की तिच्यावर ‘विधी व न्याय विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ असा शेरा पडतो. अभिप्राय आला की फाइल पुढे सरकते, आणि उद्या काही बिनसलं तर सही करणारा अधिकारी त्या पानावर बोट ठेवून मोकळा होतो. अमेरिकेत केंद्र सरकारसाठी हे काम न्याय खात्यातलं ‘ऑफिस ऑफ लीगल कौन्सेल’ करतं. दोन डझनांच्या आसपास वकिलांचं छोटंसं कार्यालय. पण त्याचा अभिप्राय साऱ्या प्रशासनावर बंधनकारक मानला जातो, आणि तो गुप्त ठेवता येतो. एकदा ‘हे कायद्यात बसतं’ असं तिथून लिहून आलं की त्या भरवशावर वागणाऱ्या माणसावर पुढे त्याच न्याय खात्याने खटला भरणं जवळजवळ अशक्य होतं. कागदाचं नाव अभिप्राय, काम अभयपत्राचं.

1 ऑगस्ट 2002 ला या कार्यालयातून एकाच दिवशी दोन अभिप्राय बाहेर पडले. दोन्हींवर सही कार्यालयाचे प्रमुख जे बायबी यांची होती, लिखाण मुख्यतः त्यांचे उपप्रमुख जॉन यू यांचं. यू हे बर्कलीच्या कायदा महाविद्यालयातले प्राध्यापक. 1993 पासून तिथे शिकवत होते आणि 2001 मध्ये रजा घेऊन वॉशिंग्टनला गेले होते. सुरवंट आहे तो दुसरा अभिप्राय सीआयएच्या वकिलाच्या नावे होता. त्यात दहा पद्धतींना हिरवा कंदील मिळाला: गालावर मारणं, लवचिक भिंतीवर आपटणं, पेटीत कोंडणं, झोपू न देणं आणि शेवटी वॉटरबोर्डिंग. म्हणजे माणसाला फळीवर उताणं बांधायचं, डोकं पायांपेक्षा खाली ठेवायचं, तोंडावर फडकं टाकून वरून पाणी ओतत राहायचं. फडकं भिजलं की श्वास अडतो आणि आपण बुडतोय याची शरीराला खात्री पटते.

पहिला अभिप्राय 50 पानांचा. राष्ट्राध्यक्षांचे कायदा सल्लागार अल्बर्टो गोन्झालेस यांच्यासाठी लिहिलेला. त्यात ‘यातना’ या शब्दाचा अर्थच आखडून टाकला होता. अमेरिकेने यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करार 1994 मध्ये मान्य केला होता. (भारताने त्यावर 1997 मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही.) करारानुसार देशात कायदाही झाला: सरकारी अधिकाराच्या जोरावर कोणाला ‘तीव्र’ शारीरिक किंवा मानसिक वेदना देणं हा गुन्हा, 20 वर्षांपर्यंत कैद. मग तीव्र म्हणजे किती? अभिप्राय म्हणतो, एखादा अवयव निकामी होताना, शरीराचं कार्य बिघडताना किंवा मरताना होते तितकी. ही व्याख्या आणली कुठून? तर रुग्णाला तातडीच्या उपचाराचा लाभ कधी द्यावा, हे ठरवणाऱ्या आरोग्य लाभांच्या कायद्यातून. म्हणजे मेडिक्लेमच्या अर्जात ‘इमर्जन्सी’ कशाला म्हणावं यासाठी केलेली व्याख्या उचलली आणि पोलिसी मारहाणीला लावली. तिथे त्या शब्दांचा हेतू रुग्णाला दार उघडण्याचा होता.

एवढ्यावर भागत नाही. युद्धकाळात सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षांनी आदेश दिला असेल, तर हा कायदा त्यांना अडवू शकत नाही, असंही त्यात आहे. अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगाही इथे बोट वर करील. 1952 मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना रोखलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या युद्धकालीन अधिकारांवरचा हा सर्वांत गाजलेला निकाल, आणि 50 पानांत त्याचा उल्लेखच नाही. टेक्सासमध्ये एका काउंटीच्या शेरीफने कैद्यांकडून कबुलीजबाब काढायला तोंडावर फडकं टाकून पाणी ओतलं होतं. त्याच्यावर खटला भरला तो याच न्याय खात्याने, आणि 1983 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही अभिप्रायांत हेही प्रकरण कुठे नाही. पक्षकाराला हवं ते उत्तर द्यायचं असलं तरी विरोधी निवाडा दडवायचा नसतो. तो समोर ठेवून मग त्याला उत्तर द्यायचं, हे वकिली व्यवसायाचं अगदी बाळबोध शील. माझ्या मते या वकिलांविरुद्धचा सर्वांत पक्का मुद्दा हाच आहे. त्यांचं मत चुकलं हा भाग वेगळा, त्यांनी मत देण्याची रीतच मोडली.

कागदाचं पुढे काय झालं ते आकड्यांत नोंदलेलं आहे. त्या ऑगस्ट महिन्यात अबू झुबेदाच्या तोंडावर 83 वेळा पाणी ओतलं गेलं. शवपेटीएवढ्या पेटीत तो एकूण 266 तास होता. दुसरी पेटी 21 इंच रुंद आणि अडीच फूट उंच होती, तिच्यात 29 तास. ज्याला अल कायदाचा बडा म्होरक्या समजून हे सगळं केलं, तो तसा नव्हता असं सीआयएनेच नंतर मान्य केलं.

संरक्षण खात्यातही हेच लोण पोहोचलं होतं. तिथले मुख्य वकील विल्यम हेन्स यांनी ग्वांतानामोच्या तुरुंगासाठी काही पद्धतींची शिफारस केली. त्यांत कैद्याला चार तासांपर्यंत उभं ठेवायची मुभा होती. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी 2 डिसेंबर 2002 ला फाइलवर सही केली आणि खाली हाताने शेरा मारला: मी रोज आठ-दहा तास उभा असतो, मग यांना चारच तास का? ते स्वतः उभं राहून काम करण्याच्या उंच टेबलापाशी उभे असत. फायलींवरचे शेरे पाहिलेल्या माणसाला या शेऱ्याचा सूर लगेच ओळखू येईल.

त्याच वेळी त्या खात्याच्या पेंटागॉन या इमारतीत नौदलाचे मुख्य वकील अल्बर्टो मोरा बसत होते. ग्वांतानामोत काय चाललंय हे त्यांच्या कानावर आलं आणि ते हेन्स यांच्याकडे जाऊन वाद घालू लागले. तीन-चार आठवडे नुसती आश्वासनं मिळाल्यावर जानेवारी 2003 मध्ये त्यांनी आपल्या हरकतींचं टिपण लिहून पाठवलं आणि निरोप दिला, परवानगी मागे घ्या, नाहीतर यावर सही करून रेकॉर्डवर आणतो. त्याच दिवशी परवानगी स्थगित झाली. (मग हेन्स यांनी यूंकडून नवा अभिप्राय मागवला. तो 81 पानांचा आला, 14 मार्च 2003 ला.) ‘त्या वेळी सगळेच घाबरलेले होते, कोणाला काही सुचत नव्हतं’ हे समर्थन ऐकलं की मला मोरा आठवतात. तेही त्याच शहरात होते, आणि 11 सप्टेंबर 2001 ला ज्या पेंटागॉनवर विमान आदळलं त्याच इमारतीत काम करत होते.

2003 मध्ये बायबी केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ती नेमणूक आयुष्यभराची असते, आणि सिनेटने तिला मंजुरी दिली तेव्हा हे अभिप्राय गुप्त होते. यू त्याच वर्षी बर्कलीला आपल्या वर्गावर परतले.

एप्रिल-मे 2004 मध्ये इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं जगभर झळकली आणि पाठोपाठ एकेक कागद बाहेर येऊ लागला. आधी आला तो यूंनी जानेवारी 2002 मध्ये लिहिलेला अभिप्राय: जिनिव्हा करार तालिबान आणि अल कायदाला लागू नाही. त्या मे महिन्यात बर्कलीच्या कायदा महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभाला कित्येक विद्यार्थी दंडाला लाल फिती बांधून आले. यूंनी ते मत मागे घ्यावं, नाहीतर पद सोडावं, असं त्यांचं निवेदन होतं. जूनमध्ये ‘यातने’ची व्याख्या करणारा अभिप्राय फुटला आणि त्याच महिन्यात न्याय खात्याने तो मागे घेतला. तो मागे घेणारे जॅक गोल्डस्मिथ हेही रिपब्लिकन सरकारनेच नेमलेले, यूंचे मित्र.

मग सुरू झाली ती बर्कलीच्या रस्त्यावरची लढाई. ती सभ्य होती, चिकट होती आणि जराशी नाटकीही होती. नारिंगी झगे आणि डोक्यावर काळ्या पिशव्या घालून माणसं महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसत. सत्राच्या पहिल्या दिवशी निदर्शनं ठरलेलीच. वकिलांची ‘नॅशनल लॉयर्स गिल्ड’ ही जुनी डावी संघटना, ‘वर्ल्ड कान्ट वेट’ हा युद्धविरोधी गट, ‘कोडपिंक’च्या बायका आणि बरीचशी म्हातारी मंडळी. ही मंडळी साठच्या दशकापासून या गावात मोर्चे काढत आली होती. एप्रिल 2008 मध्ये 81 पानी अभिप्राय जाहीर झाला तेव्हा गिल्डने मागणी केली की यूंवर खटला भरा आणि त्यांना नोकरीतून काढा.

इथे गोष्ट अडकते, आणि मला ती इथेच सर्वांत वाचण्याजोगी वाटते. बर्कलीइतकं प्राध्यापकाच्या स्वातंत्र्यासाठी भोगलेलं विद्यापीठ अमेरिकेत दुसरं क्वचितच असेल. 1949-50 मध्ये कम्युनिस्टांच्या धास्तीने कॅलिफोर्निया विद्यापीठाने सगळ्या अध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. ज्यांनी सही नाकारली अशा 31 जणांना काढून टाकलं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन त्यांचे म्होरके. ते कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे 1964 मध्ये याच आवारात विद्यार्थ्यांचं भाषणस्वातंत्र्याचं आंदोलन पेटलं. प्राध्यापकाला त्याच्या मतांसाठी हात लावायचा नाही, हा इथला धर्मच झाला. आता तोच धर्म यातनांची व्याख्या करणाऱ्या माणसाच्या आड उभा राहिला, आणि त्याला हटवू पाहणाऱ्यांत त्या जुन्या आंदोलनाची पोरं होती.

महाविद्यालयाचे अधिष्ठाता ख्रिस्तोफर एडली डेमोक्रॅट आणि नागरी हक्कांचे अभ्यासक होते. यूंच्या मतांशी त्यांचा उभा दावा. तरी एप्रिल 2008 मध्ये त्यांनी लेखी निवेदन काढलं. विद्यापीठाच्या नियमानुसार कायम प्राध्यापकाला अशा कारणासाठी काढायचं तर कोर्टात गुन्हा शाबीत व्हायला हवा आणि त्यातून तो शिकवायला नालायक ठरायला हवा. तसं झालेलं नाही. शिवाय सल्ला देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यात फरक आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. विरोधकांचं उत्तर सरळ होतं. आम्ही यांच्या लेखांबद्दल किंवा भाषणांबद्दल बोलतच नाही. सरकारी कचेरीत बसून, पगार घेऊन, विशिष्ट माणसाला पेटीत कोंडायची परवानगी लिहिणं हा विचार नव्हे, ते कृत्य आहे. खड्ड्याचा नकाशा काढून देणारा इंजिनिअर ‘मी फावडं उचललं नाही’ असं म्हणू शकतो का?

मला विरोधकांचं म्हणणं तर्काला धरून वाटतं आणि एडलींचा निर्णय बरोबर वाटतो. कृत्य असेल तर ते कोर्टात शाबीत करा. मोर्च्याच्या दबावाखाली अधिष्ठात्याने प्राध्यापक काढायची वाट एकदा पाडली, तर तिच्यावरून पुढे कोण कोण जाईल हे 1950 च्या त्या 31 जणांनी सांगितलं असतं. पण मग कोर्टाची वाट तरी उघडी हवी होती.

गावाने आपल्या परीने ती ठोठावली. बर्कलीच्या नगरपरिषदेचा एक ‘शांतता आणि न्याय आयोग’ आहे. त्याच्या शिफारशीवरून डिसेंबर 2008 मध्ये परिषदेने ठराव केला: केंद्र सरकारने जॉन यू यांच्यावर युद्धगुन्ह्यांबद्दल खटला भरावा. आणि त्यांच्याच वर्गाला बसण्याची सक्ती होऊ नये म्हणून विद्यार्थ्यांना पर्याय द्यावा. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला ग्रामसभेने परराष्ट्र धोरणावर केलेल्या ठरावाइतकंच वजन. टवाळी झालीच, रस्ते दुरुस्त करा आधी, वगैरे. शिवाय परिषदेचं तोंड त्याच वर्षी पोळलं होतं. जानेवारीत मरीन दलाच्या भरती केंद्राला ‘तुम्ही इथे नकोसे आहात’ असं कळवण्याचा ठराव करून तिने देशभरचा राग ओढवून घेतला होता आणि पुढच्याच महिन्यात शब्द गिळले होते. तरी तिने हा दुसरा ठराव केला.

तेव्हाचा एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ज्या यातनाविरोधी कायद्याचा अर्थ यूंनी आखडला होता, त्याखाली अमेरिकेतली पहिली शिक्षा त्याच हिवाळ्यात झाली. लायबेरियाचा हुकूमशहा चार्ल्स टेलर याचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा ऑक्टोबर 2008 मध्ये मायामीच्या कोर्टात दोषी ठरला आणि जानेवारी 2009 मध्ये त्याला 97 वर्षांची कैद झाली. खटला अमेरिकेच्या न्याय खात्याने भरला होता.

बर्कलीकर एकटे नव्हते. मार्च 2008 मध्ये व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो आणि मार्लबरो या गावांनी राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपराष्ट्राध्यक्ष चेनी गावात आले तर त्यांना अटक करावी असं मतदान केलं. नॉर्थ कॅरोलायनात जॉन्स्टन काउंटीच्या छोट्या विमानतळावरून सीआयएची कैदी नेणारी विमानं उडत. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं काउंटीच्या बैठकांना जाऊन प्रश्न विचारले. सरकार चौकशी करत नाही म्हटल्यावर शेवटी त्यांनी स्वतःच नागरिकांचा चौकशी आयोग नेमला आणि 2017 मध्ये राजधानी रॅली इथे जाहीर सुनावणी घेतली. ज्यांच्या हाती काही नसतं त्यांची ही कामं. आपल्याकडच्या जनसुनावण्या पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

ज्यांच्या हाती होतं त्यांनी काय केलं? ओबामा सत्तेवर आले. एप्रिल 2009 मध्ये त्यांनी आणखी चार अभिप्राय खुले केले, सुरवंटाचा त्यातलाच. त्याच दिवशी जाहीर केलं की वकिलांच्या सल्ल्यावर प्रामाणिकपणे विसंबून ज्यांनी काम केलं, त्यांच्यावर खटले होणार नाहीत. म्हणजे करणारे सुटले, कारण वकिलांनी सांगितलं होतं. आणि वकील? त्यांनी तर काही केलंच नव्हतं, नुसता अभिप्राय दिला होता. हात डोक्याकडे बोट दाखवतो आणि डोकं म्हणतं, मी फक्त विचार केला.

न्याय खात्याच्या शिस्त विभागाने मात्र पाच वर्षं चौकशी केली. तिथल्या वकिलांना यूंचे बहुतेक ईमेल पुसून टाकलेले आढळले. मुलाखतीत त्यांनी यूंना विचारलं, नागरिकांचं एक आख्खं गाव मारून टाकायचा आदेश राष्ट्राध्यक्ष देऊ शकतात का? यूंचं उत्तर होकारार्थी होतं. जुलै 2009 चा निष्कर्ष: यूंनी जाणूनबुजून व्यावसायिक गैरवर्तन केलं, बायबींनी बेफिकिरीने. असा निष्कर्ष वकिलाची सनद देणाऱ्या बार संघटनेकडे जातो आणि सनद धोक्यात येते. पण जानेवारी 2010 मध्ये खात्यातले ज्येष्ठ अधिकारी डेव्हिड मार्गोलिस यांनी तो बदलला. अभिप्राय सदोष होते, यूंच्या विचारसरणीने त्यांच्या बुद्धीवर मात केली, हे त्यांनीही लिहिलं. तरी हे गैरवर्तन नाही, ‘निर्णयबुद्धीची चूक’ आहे असं ठरलं. तेवढ्या एका शब्दबदलाने कागद बारकडे जायचा थांबला. नागरिकांच्या गटांनी वेगवेगळ्या राज्यांच्या बारकडे स्वतः तक्रारी केल्या, पण या वकिलांपैकी कोणाचीही सनद गेली नाही.

दिवाणी दावाही झाला. होझे पडिया हा अमेरिकन नागरिक सुमारे साडेतीन वर्षं आरोपपत्राविना लष्करी कोठडीत होता. तिथे एकांतवास, झोपमोड आणि तऱ्हेतऱ्हेचा छळ झाला असं त्याचं म्हणणं. याला यूंचे अभिप्राय जबाबदार आहेत असं म्हणत त्याने आणि त्याच्या आईने जानेवारी 2008 मध्ये यूंवर दावा लावला. मागितलेली भरपाई एक डॉलर. त्यांना हवा होता तो कोर्टाचा शब्द. वकीलपत्र येल विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयातल्या विधी साहाय्य केंद्राकडे होतं, आणि यू त्याच महाविद्यालयाचे पदवीधर. 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशाने दावा चालू ठेवला, पण मे 2012 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. (हे अपील न्यायालय म्हणजे बायबी जिथे न्यायाधीश आहेत तेच. निकाल देणाऱ्या तिघांत ते नव्हते.) कारण असं दिलं की 2001 ते 2003 या काळात अशी वागणूक म्हणजे ‘यातना’ आहे का, हे वादातीत ठरलेलं नव्हतं, आणि संदिग्ध कायद्याबद्दल अधिकाऱ्याला जबाबदार धरता येत नाही. आता या काळात ही संदिग्धता कोण निर्माण करत होतं, असा प्रश्न वाचकाच्या मनात आलाच असेल.

स्पेनमध्ये यू, बायबी, गोन्झालेस, हेन्स यांच्यासह सहा जणांविरुद्ध मार्च 2009 मध्ये तक्रार झाली. दोन वर्षांनी तिथल्या न्यायालयाने ती अमेरिकेकडे सोपवून हात झटकले. उलट, या छळपद्धतींची आखणी करणाऱ्या दोन मानसशास्त्रज्ञांवर वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या कोर्टात दावा लागला. ते कंत्राटदार होते, त्यांच्या कंपनीला सीआयएकडून 8 कोटी 10 लाख डॉलर मिळाले होते. सरकारी नोकराचं कवच कोर्टाने त्यांना दिलं नाही आणि ऑगस्ट 2017 मध्ये त्यांना तडजोड करावी लागली. वकिलांच्या अंगावर ते कवच होतं.

यूंना हे सगळं अर्थातच मान्य नाही. तीन हजार माणसं मेल्यानंतर दुसरा हल्ला थोपवायचा होता, वेळ नव्हता, आणि असे दावे म्हणजे कोर्टाच्या वाटेने चालवलेलं युद्धच आहे, असं ते लिहीत आले. ते लेख लिहितात, वादविवादाला येतात, निदर्शकांसमोरून शांतपणे वर्गात जातात. माणूस म्हणून ते हसतमुख आणि विनोदी आहेत असं त्यांचे विरोधकही सांगतात.

डिसेंबर 2014 मध्ये सिनेटच्या समितीचा अहवाल आला: 119 कैदी, त्यांतले किमान 26 मुळात चुकून धरलेले. तो वाचून अर्विन केमेरिन्स्की या घटनातज्ज्ञाने जाहीरपणे म्हटलं की यूंवर फौजदारी खटला व्हायला हवा. केमेरिन्स्की तेव्हा दुसऱ्या एका कायदा महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. 2017 मध्ये ते बर्कलीचे अधिष्ठाता झाले. यू आता त्यांच्या हाताखालचे प्राध्यापक, तेही एमॅन्युएल हेलर या नावाच्या मानाच्या अध्यासनावर बसलेले. खटला व्हावा हे मत नव्या अधिष्ठात्याला प्राध्यापकाविरुद्ध वापरता येत नव्हतं, एडलींनी सांगितलेला नियम त्यालाही लागू होता.

त्याच सुमारास महाविद्यालयातल्या एका अध्यापकाला जुनी कागदपत्रं चाळताना काहीतरी सापडलं. कायदा महाविद्यालयाच्या इमारतीला शतकाहून जास्त काळ ‘बोल्ट हॉल’ म्हणत. ज्यांच्या नावाने ती उभी राहिली त्या जॉन बोल्ट या वकिलाने 1877 मध्ये एका मंडळापुढे निबंध वाचला होता. चिनी लोक गोऱ्यांत कधी मिसळू शकत नाहीत, त्यांना येऊ देऊ नये, असा त्याचा आशय. 1882 च्या चिनी बंदी कायद्यामागे त्या निबंधाचा हातभार होता. बोल्टनेही कोणाला जहाजावरून ढकललं नव्हतं, नुसतं मत मांडलं होतं. समिती बसली, दोन वर्षांहून जास्त चर्चा झाली, आणि 30 जानेवारी 2020 ला इमारतीवरून त्याचं नाव उतरवलं. आत त्या काळात यू घटनात्मक कायदा शिकवत होते.